वडील-मुलगा नियम

आमच्या मंडळातल्या पुरुषांना फुटबॉल कधीच कळला नाही. खेळाडूंची वाटणी मात्र पहिल्या दिवसापासून कळली. देश सोडून टार्निटच्या नव्या वस्तीत राहायला आल्यावर दोनेक वर्षं त्यांनी इथला लंबगोल चेंडूचा खेळ टीव्हीवर पाहिला, सोमवारी ऑफिसात बोलायला काहीतरी हवं म्हणून. चेंडू लाथेने मारायचा पण हाताने धरला तरी चालतो, अंगावर धावून जायचं पण पाठीत ढकलायचं नाही, चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण आणि कडेच्या फटीतून गेला तर एकच, हे सगळं त्यांना शेवटपर्यंत गोंधळाचं वाटलं. पण मोसम संपला आणि टीव्हीवर सुटाबुटातली माणसं चर्चेला बसली, कुठल्या संघाने कुठला पोरगा उचलला, कोणाला देऊन कोणाला घेतलं, तसे आमचे काका लोक सोफ्यावर पुढे सरकून बसले. हे त्यांना येत होतं. कोणाचा मुलगा कुठे लागला, कोण कोणाच्या ओळखीने आत शिरला, कुठल्या स्थळाला नाही म्हणून पस्तावा झाला, हेच ते जन्मभर बोलत आले होते. त्यात आता एका चेंडूची भर पडली. पुढच्या एप्रिलात मंडळाची ज्युनियर लीग उभी राहिली. चार संघ आणि त्यांना चार किल्ल्यांची नावं, सिंहगड, राजगड, प्रतापगड आणि तोरणा. नावं ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यातला सिंहगड तेवढा पाहिला होता, तोही वर मिळणाऱ्या पिठलं-भाकरीसाठी. त्या सिंहगडचे कोच झाले माझे वडील.

बाबांना खेळता येत होतं म्हणून नव्हे, एक्सेल येत होतं म्हणून. ते सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते आणि कायम कॉन्ट्रॅक्टवर. सहा महिने इथे, नऊ महिने तिथे. घरात त्यांचा आवाज म्हणजे बंद दाराआडून येणारं ‘सॉरी, आय वॉज ऑन म्यूट’. नव्या वस्तीतलं आमचं घर अगदी शेवटचं, मागच्या कुंपणापलीकडे नुसतं काटेरी गवत आणि वारा. थंडीत हीटिंग लावलं की जमिनीतल्या जाळ्यांतून घरघर सुरू व्हायची, तिच्यावर कुकरच्या शिट्ट्या, तिच्यावर आईचं पुण्याला फोनवर चाललेलं बोलणं. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्ट करायची आणि रविवारीच चार दिवसांची आमटी करून डब्यांवर वार लिहून ठेवायची. बुधवारची आमटी सोमवारी उघडली तर ती खरोखर चिडायची. त्या घरात माझ्या वाट्याला बाबा यायचे ते सकाळी साडेसहा ते सव्वासात. रस्त्याच्या टोकाला मैदान होतं. ऑफिसची पँट चिखलाने भरू नये म्हणून मोज्यांत खोचून बाबा तिथे उभे राहायचे, एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कोणी गोरा मास्तर लाथ कशी मारायची ते दाखवत असायचा. बाबांनी मारलेला चेंडू निम्म्या वेळा शेजारच्या कारवर जायचा. मी हसायचे, तेही हसायचे. गवतावर दव गोठलेलं असायचं, मॅगपाय पक्षी ओरडत असायचे, आणि घरी परतल्यावर आई तूप-साखरेची पोळी गुंडाळून हातात द्यायची. मला आधी ती पाऊण तासाची सोबत आवडली, खेळ नंतर आवडला. इतकी साधी होते मी.

ड्राफ्ट, म्हणजे मुलांची वाटणी, व्हायचा पाटणकर काकांच्या गॅरेजात. पाटणकर काका मंडळाचे अध्यक्ष, एका सरकारी खात्यात काहीतरी ‘प्रिन्सिपल’ होते आणि ते काहीतरी काय हे कोणालाच सांगता यायचं नाही. रविवारी दुपारी दोन्ही गाड्या बाहेर काढून आत व्हाइटबोर्ड लावायचा, फोल्डिंगच्या खुर्च्या मांडायच्या, मधल्या टेबलावर साबुदाणा वडे आणि चहाचा मोठा थर्मास. आम्ही पन्नासेक पोरं बाहेर ड्राइव्हवेवर, आणि गॅरेजचं दार अर्ध्यावर उचललेलं. त्यामुळे आतल्या माणसांचे फक्त पाय दिसायचे आणि बोलणं सगळं ऐकू यायचं. कोण किती पळतो याबद्दल आत एक शब्द बोलला गेला नाही. पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, गेला पाटणकरांच्याच अथर्वला, कारण पाटणकरांकडे आठ सीटची गाडी होती आणि संघाला न्यायला-आणायला सोय होणार होती. दुसरा पिक एका डॉक्टरांचा मुलगा, कारण कोणाला लागलं तर डॉक्टर मैदानावर असणार. तिसरा कोण, तर ज्याच्या आईचे उकडीचे मोदक दरवर्षी गणपतीत संपायचे तो. ते मुलं निवडत नव्हते, बाप निवडत होते, मुलं बापाबरोबर यायची. आता हे लिहिताना मी एकेकाची आठवण काढून बघते. पहिला पिक अथर्व दोन मोसमांत मिळून चार वेळा चेंडू धरू शकला आणि त्यातला एक त्याला पावसाच्या पाण्यात तरंगताना सापडला होता. डॉक्टरांच्या मुलाला धूळ चालायची नाही. मोदकवाल्या मुलाने तिसऱ्याच आठवड्यात ‘आय हेट दिस’ म्हणून बूट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि त्या लीगमधला अक्कल दाखवणारा निर्णय मला तरी तो एकच आठवतो.

त्या पहिल्या वर्षी गॅरेजात अर्धा तास वाद झाला तो माझ्यावरून. टीव्हीवरच्या लीगमध्ये एक नियम आहे, नावाजलेल्या जुन्या खेळाडूचा मुलगा त्याच्याच संघाला आधी मिळतो. आमच्यात नावाजलेलं कोणीच नव्हतं, म्हणून मंडळाने नियमात थोडी सोय केली आणि कोचचा मुलगा आपोआप कोचच्या संघात जाईल असं ठरवलं. कागदावर मात्र नाव तेच राहिलं, ‘वडील-मुलगा नियम’. बाबांनी माझं नाव घेतलं तर पाटणकर काका म्हणाले, “पण केतकी मुलगी आहे. मुलींचा कोटा वेगळा, प्रत्येक टीमला दोन-दोन, चिठ्ठ्या टाकून.” हे बोलणारे सगळे इंजिनियर होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. मी बाहेर उकिडवी बसून दाराखालून पाहत होते. बाबांचे तपकिरी बूट उठून उभे राहिले. “नियमाचा उद्देश बघा ना,” ते म्हणाले. “माझी मुलगी मी दुसऱ्याला देणार नाही. मग कोचच नको मला.” बाबा कधी कोणापुढे आवाज चढवत नसत, दुकानात चुकीची वस्तू आली तरी तीच वापरत. पण त्या दिवशी ते बोलले, आणि मतदान होऊन मी मुलगा म्हणून पास झाले. परतताना गाडीत मी खिडकीकडे तोंड फिरवून हसत बसले. त्या आनंदाची मला आज चीड येते.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. घरात ते कोणी बोलायचं नाही, पण आमटी पातळ झाली, आई जादा शिफ्ट घेऊ लागली आणि बाबा सकाळी मैदानावर फोनवर मास्तराऐवजी ईमेल बघू लागले. याच सुमारास सामंत काका आमच्या आयुष्यात आले. ते एका मोठ्या बँकेत हायरिंग मॅनेजर होते, म्हणजे माणसं नेमायचं त्यांच्या हातात होतं, आणि आपल्या हातात ते आहे हे समोरच्याला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी मुलाचं, ईशानचं, नाव उशिरा नोंदवलं. म्हणून तो तोरण्याला गेला. तोरण्याला नेहमी उरलीसुरली मुलं जायची, कारण तोरण्याचे कोच गजभिये काका, आणि ड्राफ्टमध्ये त्यांची पाळी दोन्ही वर्षं सगळ्यांत शेवटी आली. चिठ्ठ्या कोण टाकतं असं विचारल्यावर म्हणे पाटणकर काका हसले होते. गजभिये काका नागपूरचे, ट्रेनच्या डेपोत इलेक्ट्रिशियन. त्याआधी दहा वर्षं कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत होते आणि तिथल्या गावच्या क्लबकडून गुडघा जाईपर्यंत हा खेळ खरोखर खेळलेले. आख्ख्या लीगमध्ये खेळलेला माणूस हा एकटा. पण आमच्याकडची माणसं पहिल्या भेटीत आडनाव विचारत, गजभिये हे ऐकलं की ‘अच्छा, अच्छा’ म्हणून चहाकडे वळत, आणि त्यानंतर त्यांना खेळातलं काही विचारायचं कोणाला सुचत नसे. सामंत काका एका रविवारी आमच्याकडे येऊन बसले, आईच्या हातची दोन थालीपिठं लोण्याबरोबर खाल्ली आणि म्हणाले, “त्या टीममध्ये ईशान नीट सेटल होत नाहीये. तिथलं वातावरण जरा वेगळं आहे, यू नो. तुमच्याकडे आला तर बरं.” बाबा म्हणाले, “बघतो ना, नो वरीज.” बाबांना इथल्या लोकांचे हे दोन शब्द कधी नीट जमले नाहीत, त्या दिवशी तर ते फारच वाईट वाटले.

मला ते कळलं मंगळवारी संध्याकाळी. आई कणीक मळत होती, तिचा फोन ओट्यावर वाजला आणि हात भरलेले म्हणून ती म्हणाली, “बघ गं कोण आहे.” मंडळाच्या ग्रुपवर पाटणकर काकांचा मेसेज होता. वर मोठ्या अक्षरांत ‘ट्रेड अलर्ट’. सिंहगडला ईशान सामंत आणि तोरण्याचा पुढच्या वर्षीचा दुसरा पिक, तोरण्याला केतकी. खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले होते. मी मोठ्याने वाचलं आणि आईचे हात परातीत थांबले. बाबा त्याच वेळी लॅपटॉप मिटून बाहेर आले.

“अरे, हे काय आहे?” आई म्हणाली.

“ते होय. गजभिये दुसरं कोणी घ्यायलाच तयार नव्हते,” बाबा म्हणाले. “मी दोन मुलं ऑफर केली. ते म्हणाले, केतकी देत असाल तर बोला. मग मी म्हटलं, देतो, पण वर एक पिक हवा. दिला त्यांनी! हिची व्हॅल्यू बघ ना केवढी आहे.”

“यू ट्रेडेड मी?” मी म्हणाले.

“अगं, स्ट्रॅटेजिक आहे ते. एका सीझनचा प्रश्न आहे.”

“हिला विचारलंस का?” आईने विचारलं.

“खेळ आहे गं,” बाबा म्हणाले. “खेळात विचारतात का?”

त्यांना खरंच वाटलं होतं की मला अभिमान वाटेल. हेच मला अजून पचत नाही. नोकरीसाठी केलं असं ते तोंडाने म्हणाले असते तर मी तेरा वर्षांची असूनही समजून घेतलं असतं, निदान रडून मोकळी झाले असते. पण ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते, सौदा चांगला जमलेल्या माणसासारखे. आईने कणीक परत मळायला घेतली, इतक्या जोरात की परात ओट्यावर आदळत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तयार होऊन बसले. बाबा खोलीतून आले, मला बघून अवघडले आणि म्हणाले, “आता तू समोरच्या टीमची. आपण प्रॅक्टिस केली तर बरं दिसणार नाही ना.” मग ते ईशानला घ्यायला गाडी घेऊन गेले.

तोरण्यात मी महिनाभर तोंड वाकडं करून खेळले. मीही त्याच ड्राइव्हवेवर वाढलेली होते, उरलीसुरली मुलं म्हणताना मलाही काही वाटायचं नाही. गजभिये काकांना ते दिसत असणार, पण त्यांनी कधी समजूत घातली नाही. त्यांनी मला चेंडू हातातून पायावर सोडायला शिकवलं. वर्षभर फोनवरचा मास्तर जे सांगत होता आणि बाबा जे उलटं करत होते, ते त्यांनी दहा मिनिटांत सरळ केलं. “फेकून नाही राहिली तू, ठेवून राहिली,” ते म्हणायचे. “तान्हं पोर ठेवावं तसं ठेव अन मग मार.” गजभिये काकू मध्यंतराला संत्र्याच्या फोडींना काळं मीठ लावून आणायच्या. इथल्या पोरांना मध्यंतराला संत्री देण्याची पद्धत आहे, काळं मीठ ही त्यांची भर. जुलैपर्यंत तोरण्याने चार सामने जिंकले. मंडळात मग चर्चा झाली की गजभियेंना ड्राफ्टमध्ये नशिबाने चांगली मुलं मिळाली.

शेवटच्या साखळी सामन्यात समोर सिंहगड. जो जिंकेल तो अंतिम फेरीत. रात्रभर पाऊस पडून मैदानाचा चिखल झालेला, वारा असा की खांबावरचे झेंडे फडफडून फाटतील असं वाटत होतं. बाबा पलीकडच्या कडेला क्लिपबोर्ड घेऊन उभे, शेजारी सामंत काका लांब कोटात. मी रात्री झोपताना एकच गोष्ट ठरवली होती की मी इतकं चांगलं खेळीन की बाबांना लाज वाटेल. आता लिहायला ओशाळं वाटतं, पण ती लाज वाटून ते मला परत घेतील, असंही मला खरोखर वाटत होतं. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागे होतो. मला खांबांसमोर चेंडू मिळाला, मी वळले, आणि ईशानने मागून दोन्ही हातांनी पाठीत धक्का दिला. मी तोंडावर पडले. नाकातोंडात चिखल, डाव्या मनगटात कळ, आणि कान उघडे. शिट्टी वाजायच्या आधी, वाऱ्यातूनही अगदी स्पष्ट, बाबांचा आवाज आला. “शाब्बास ईशान! वेल डन! दॅट्स द वे!” मी मान वळवून पाहिलं. बाबा टाळ्या वाजवत होते आणि वाजवता वाजवता सामंत काकांकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मैदानात धावत आले ते दुखरा गुडघा घेऊन गजभिये काका. “बोटं हालव,” ते म्हणाले. “हालतात ना? मग ऊठ. फ्री किक तुझी आहे.” मी उठले, एका हाताने चेंडू धरून पायावर ठेवला आणि मारला. तो मधल्या खांबाला लागला, म्हणजे सहा गुण गेले. एक गुण. चार गुणांनी आम्ही हरलो.

मनगटाचं हाड मोडलं होतं. इमर्जन्सीत पाच तास बाबा माझ्याशेजारी बसले, त्यांनी मला मशीनमधलं हॉट चॉकलेट आणून दिलं आणि रेफरीने शिट्टी उशिरा वाजवली यावर ते बराच वेळ बोलले. सिंहगड अंतिम सामना हरला. ईशानने नंतर बुद्धिबळ धरलं. पुढच्या वर्षी पाटणकर काकांचं आणि डॉक्टरांचं बिनसलं आणि लीगच बंद पडली, त्यामुळे मला देऊन वर मिळालेला तो दुसरा पिक कोणी कधी वापरला नाही. सामंत काकांनी बँकेत भरती थांबल्याचं कळवलं, तेही मेसेज करून. बाबांना शेवटी काम मिळालं कॅनबेराला. तिथल्या गुंगालिन उपनगरात एका खोलीत ते दोन वर्षं एकटे राहिले आणि महिन्यातून एकदा घरी यायचे. मी त्यांच्याशी बोलायचे, जेवायचे, हसायचेही. सकाळी साडेसहाला मैदानावर मात्र त्यांच्याबरोबर पुन्हा गेले नाही, आणि का, हे त्यांनी विचारलं नाही. मी पुढे गजभिये काकांच्या ओळखीने वेरिबीच्या एका क्लबात बारा वर्षं खेळले. काका गेले तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत मी होते. मंडळातून दोघे आले होते.

आता बाबांना ऐंशीवं लागलंय, आई नाही, आणि रविवारी मी त्यांच्याकडे जेवण घेऊन जाते. मधुमेहामुळे गोड बंद, गुडघ्यांमुळे जिना बंद, राहिलंय ते बोलणं. मागच्या महिन्यात गेले तर त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी उघडलं होतं. सिंहगडच्या दोन्ही वर्षांचे ड्राफ्ट, सगळी नावं, रंग दिलेले चौकोन. त्यांनी ते जपून ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी भात वाढून ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे बघ. आत्ता मागे वळून बघताना वाटतं, तुला द्यायला नको होतं. मोठी चूक झाली.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा मनात ऐकलं होतं ते मलाच ठाऊक.

“तू गेल्यावर आपली डावी बाजू उघडी पडली,” ते म्हणाले. “फायनलमध्ये सगळे गोल तिथूनच झाले बघ.”

मी चिडले नाही. उठून आमटी गरम करून आणली, त्यांच्या भातावर वाढली आणि समोर बसले. मग विचारलं, “बाबा, मला परत घेता आलं असतं, तर घेतलं असतंस?”

त्यांनी स्क्रीन जवळ ओढून पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत एकदा नीट वाचली, आणि अगदी प्रामाणिकपणे माझ्याकडे बघून विचारलं, “कोणाच्या बदल्यात?”